आजचा ओमर



आजचं वाचन : निर्गम १६:१-३५, यहोशवा ५:१०-१२, २ करिंथ ८:१३-१५

प्रियांनो, गेले काही दिवस प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा येतो आहे, तो म्हणजे नोकरी. कुणाची गेली आहे, कुणाची जाईल असं वाटतंय, कुणाला तीन महिन्यांची मुदत मिळाली आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही काळजी मला लांबची नाही. आपल्या मांजर्लीत, बदलापुरात बहुतेकांची घरं कर्जाची आहेत. मुंबईत परवडत नाही म्हणून आपण इथे आलो, वीस-वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतले, आणि पहाटेची लोकल धरून ते फेडतो आहोत. अशा घरात पगार थांबला तर काय होतं ते कुणी समजावून सांगायची गरज नाही.

अशा वेळी मंडळीतली माणसं एकमेकांना म्हणतात, "देवावर विश्वास ठेव." म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण एका बहिणीनं मला सरळ विचारलं, "विश्वास ठेवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून मी नेमकं करायचं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याच प्रश्नावर निर्गमच्या सोळाव्या अध्यायातून आपण मनन करू या.

वाळवंटातली सकाळ

इस्राएल लोक मिसरातून निघून साधारण एक महिना झाला होता. समुद्र दुभंगलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. एलीम इथे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडं होती, तिथला मुक्कामही झाला होता. तिथून पुढे ते सीनच्या रानात आले आणि बरोबर आणलेलं अन्न संपलं. मग कुरकुर सुरू झाली. मिसरातली मांसाची भांडी आणि पोटभर भाकर आठवू लागली. तिथल्या विटा आणि चाबूक मात्र कुणाला आठवेनात. पोट रिकामं असलं की माणसाची आठवण अशीच निवडक होते.

देव त्यांच्यावर रागावून निघून गेला नाही. संध्याकाळी लावे पक्षी आले. सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर खवल्यांसारखं, बारीक, पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. दिसायला धण्याच्या दाण्यांसारखं, चवीला मध घातलेल्या पोळीसारखं. लोक एकमेकांना विचारू लागले, हे आहे तरी काय? त्या प्रश्नावरूनच त्याचं नाव पडलं, मान्ना. चाळीस वर्षं ज्या अन्नावर एक राष्ट्र जगलं, त्याचं नाव मुळात एक प्रश्न आहे. देवाची मदत आली की ती ओळखू येतेच असं नाही, हे त्या नावातच आहे.

या अन्नाबरोबर देवानं काही नियम दिले. माणशी एक ओमर घ्यायचा. ओमर म्हणजे आपल्या हिशेबानं साधारण दोन लिटरचं माप. सकाळीच गोळा करायचा, कारण ऊन तापलं की तो वितळून जायचा. उद्यासाठी ठेवायचा नाही. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचा, कारण सातव्या दिवशी मिळणार नाही. विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं, याचं उत्तर मला या साध्या नियमांत सापडतं.

१. माप एका दिवसाचं

काही लोकांनी मोशेचं न ऐकता थोडा मान्ना सकाळपर्यंत ठेवला. त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला. अन्न तेच होतं, भांडंही तेच होतं. पण आजचं म्हणून दिलेलं अन्न उद्याची हमी म्हणून दडवलं, तेव्हा ते नासलं.

आमच्या कामात टोकन नावाचा एक प्रकार असतो. तुम्ही लॉगिन केलंत की यंत्रणा तुम्हांला एक टोकन देते, आणि ठरावीक वेळ उलटली की ते बाद होतं. पुन्हा यायचं असेल तर पुन्हा ओळख पटवावी लागते. वापरणाऱ्याला याचा वैताग येतो, पण कायमचं टोकन देणं सुरक्षित नसतं हे आम्हांला ठाऊक असतं. मान्ना मला थोडा तसाच वाटतो. देवानं एकदम वर्षाचं धान्य दिलं असतं, तर वर्षभर कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं असतं का? रोज सकाळी तंबूचं दार उघडून बाहेर पाहायचं, जमीन पांढरी दिसली की उपकार मानायचे आणि मग वाकून गोळा करायचं. या रोजच्या पाहण्यातच नातं तयार होत होतं.

प्रभू येशूनं शिष्यांना प्रार्थना शिकवली, तीतही भाकर आजच्यापुरतीच मागितलेली आहे. आपण मात्र मनातल्या मनात बहुधा वीस वर्षांची भाकर मागत असतो. शेवटचा हप्ता फिटेपर्यंतची खात्री आजच हातात हवी असते. ती मिळत नाही, आणि मग वाटतं देव ऐकत नाही. प्रियांनो, आज दुपारचं जेवण झालं का? मुलं शाळेत गेली का? औषध मिळालं का? मिळालं असेल तर आजचा ओमर भरला. पाच वर्षांनंतरच्या हप्त्यासाठी लागणारी कृपा पाच वर्षांनंतर मिळेल. ती आज सापडत नाही म्हणून ती नाहीच, असा अर्थ काढू नका.

२. गोळा करावा लागतो

मान्ना आकाशातून आला असं आपण म्हणतो, पण तो कुणाच्या ताटात पडला नाही. बाहेर जाऊन वाकून वेचावा लागत होता, तोही ऊन चढायच्या आत. गणना ११:८ मध्ये आणखी एक तपशील आहे, त्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. लोक तो मान्ना जात्यात दळत, नाहीतर उखळात कुटत, भांड्यात शिजवत आणि त्याच्या भाकरी करत. म्हणजे चमत्काराच्या अन्नालाही जातं आणि चूल चुकली नव्हती.

म्हणून ज्याची नोकरी गेली आहे त्यानं "देव बघून घेईल" म्हणत घरात बसून राहावं, असं हे वचन शिकवत नाही. आपला बायोडेटा नीट करणं, ओळखीच्या चार जणांना फोन करणं, नवीन काही शिकणं, मिळेल ते छोटं काम आज घेणं, हे सगळं वेचणं आणि दळणंच आहे. अशी धडपड केली की विश्वास कमी पडला असं काहींना वाटतं. तसं नाही. मान्ना देणं हे देवाचं काम होतं आणि वाकणं हे माणसाचं. चाळीस वर्षांत ही वाटणी कधी बदलली नाही.

यात एक दिलासाही आहे. कुणी जास्त वेचला, कुणी कमी वेचला, पण मापून पाहिलं तेव्हा जास्तवाल्याकडे उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. ज्याला कमरेचं दुखणं आहे, जी बाई लेकुरवाळी आहे, ज्याचं वय झालं आहे, त्यांच्या हातांनी थोडंच वेचलं जाणार. तेवढं त्यांना पुरलं. आपली ताकद कमी पडते म्हणून घाबरू नका. वाकणं तेवढं सोडू नका.

३. सहाव्या दिवशी दुप्पट

आता कुणी म्हणेल, मग बचत करायचीच नाही का? विमा, भविष्य निर्वाह निधी हे सगळं अविश्वासाचं लक्षण आहे का?

सहाव्या दिवसाचा नियम पाहा. त्या दिवशी दुप्पट गोळा करा, भाजायचं ते भाजून, शिजवायचं ते शिजवून उद्यासाठी ठेवा, असं देवानंच सांगितलं. त्या रात्री ठेवलेला मान्ना नासला नाही. म्हणजे उद्याची तजवीज करणं मुळात वाईट नाही. ती आज्ञेत राहून केली की टिकते, भीतीपोटी केली की तिला किडे लागतात. दोन्ही भांडी बाहेरून सारखीच दिसतात. फरक ओळखायची एक खूण मला वाटते ती अशी : तजवीज करून माणूस शांत झोपतो आणि साठा करून रात्री तो मोजत बसतो.

दुप्पट कशासाठी घ्यायचं होतं तेही महत्त्वाचं आहे. विश्रांतीच्या दिवशी खरोखर थांबता यावं म्हणून. तरी काही जण सातव्या दिवशी बाहेर गेलेच, आणि रिकाम्या हातांनी परत आले. आपल्यापैकी जे शनिवार-रविवारही लॅपटॉप बंद करत नाहीत, त्यांनी ही ओवी शांतपणे वाचावी. आठवड्यातला एक दिवस हात थांबवले म्हणून घर कोसळत नाही, हे स्वतःला दाखवून देणं हासुद्धा विश्वासाचा अभ्यास आहे.

४. मान्ना बंद झाला तेव्हा

यहोशवाच्या पाचव्या अध्यायात एक छोटीशी नोंद आहे. लोक यार्देन ओलांडून गिलगालला आले, वल्हांडण सण पाळला, त्या देशाचं धान्य खाल्लं, आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला. चाळीस वर्षांची सवय एका सकाळी थांबली. तंबूचं दार उघडलं तर जमीन नुसती जमीन होती.

देव तिथेच होता. देणारा बदलला नव्हता, देण्याची वाट बदलली होती. आता नांगर धरायचा होता, पेरायचं होतं, पावसाकडे पाहायचं होतं. वाट बंद झाली म्हणजे देणारा गेला, असं समजण्याचा मोह त्या सकाळी नक्कीच झाला असेल. आज कंपनीचं पत्र हातात पडतं तेव्हा आपल्यालाही तसाच होतो.

या ठिकाणी मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. आपल्या बदलापूरवरून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग पुढे घाट चढून पुण्याला आणि दौंडला जातो. पुणे आणि दौंड यांच्यामध्ये केडगाव स्टेशन लागतं. रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे.

रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. तीर्थक्षेत्री पुराणं सांगत हे कुटुंब फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमार होऊन आई-वडील गेले आणि थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होत्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले. तेवीस वर्षांची विधवा, पदरी तान्ही मुलगी. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेनं. पण ऐकू कमी येऊ लागलं होतं आणि ते दार बंद झालं. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढे त्या अमेरिकेत गेल्या. तिथे १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसा देण्याचं वचन त्या मंडळींनी दिलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठलं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. तरी सदन चालू राहिलं.

आता हिशेब पाहा. दहा वर्षांचं वचन म्हणजे १८९८ च्या सुमारास बोस्टनचा मान्ना बंद होणार, हे रमाबाईंना आधीपासून माहीत होतं. त्यांनी काय केलं? ती मुदत संपायच्या आधीच केडगावला शंभर एकरांच्या आसपास माळरान घेतलं. झाडं लावायची, उत्पन्न उभं करायचं आणि सदन स्वतःच्या पायावर चालवायचं, असा विचार होता. तिथे विहिरी खणल्या. ज्या बाईचा प्रार्थनेवर इतका भरवसा होता, तिनं विहिरीही खणल्या. या दोन गोष्टी तिच्या मनात एकमेकींच्या विरोधात नव्हत्या.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली उपाशी मरत आहेत हे कळल्यावर रमाबाई तिकडे गेल्या. उपास म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्या सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग पसरला. निर्बंधांमुळे नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा उत्पन्नासाठी घेतलेलं ते केडगावचं शेतच आसरा झालं. तंबू आणि झोपड्या घालून मुली तिथे राहिल्या. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या मुली नुसत्या खाऊन बसल्या नाहीत. शेती, विणकाम, गोठा, तेलाचा घाणा, छापखाना, शिकणं आणि शिकवणं असं त्यांचं दिवसभराचं काम लागलेलं असे. अमेरिकेतली मदतही १८९८ नंतर नव्या मंडळाच्या रूपानं चालू राहिली. पण रमाबाई तिच्याकडे डोळे लावून बसल्या नव्हत्या.

शंभर एकरांचं ते रान घेताना त्यांनी फळझाडांचा विचार केला होता, दोन हजार माणसांचा नव्हे. त्यांनी त्या दिवसाचं काम त्या दिवशी केलं आणि देवानं ते आपल्या मापानं वापरलं.

५. तरीही उरणारा प्रश्न

हे वाचून कुणी असं समजू नये की विश्वास ठेवला की सगळं ठीक होतं. रमाबाईंच्या बाबतीत सगळं ठीक झालं नाही. ऐकू येणं परत आलं नाही. आणि ज्या मनोरमेच्या हाती काम सोपवायचं होतं, ती २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेली.

त्या वेळी रमाबाईंच्या हातात एक मोठं काम होतं. सामान्य बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणायचं, तेही मूळ भाषांवरून. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. पंधराहून अधिक वर्षं हे भाषांतर चाललं होतं. मुलगी गेल्यावर ते थांबलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी ते चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्याच्या थोडंच आधी काम पुरं झालं होतं. पुढे मुक्तीच्या छापखान्यात ते पूर्ण छापलं गेलं, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका होत्या.

पोटची मुलगी गेलेली आई सकाळी उठते, चष्मा लावते आणि कालची ओळ जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू करते, असं चित्र मी मनात उभं करतो. त्या सकाळी तिच्या मनाला काय वाटत असेल ते मी सांगू शकत नाही. पण विश्वास म्हणजे काय हे मला त्या चित्रातून जास्त कळतं. सगळी उत्तरं मिळाल्यावर उठायचं असं तिनं ठरवलं असतं, तर ती उठलीच नसती. आजच्या पानापुरतं बळ होतं, तेवढ्यावर ती उठली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजार बरा झाला नसेल, मुलाखतीचा होकार आला नसेल, गेलेलं माणूस परत येणार नसेल. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून असं झालं, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. मान्ना खाणारे लोकही वाळवंटातच होते. मान्नानं वाळवंट नाहीसं झालं नाही. त्यातून चालण्यापुरतं बळ मिळत राहिलं.

६. उरलेलं कोणाचं?

पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा या मान्नाचाच दाखला देतो. यरुशलेमेतले भाऊबंद अडचणीत होते आणि करिंथकरांचं बरं चाललं होतं. पौलाचं म्हणणं साधं आहे : आज तुमच्याकडे जास्त आहे, त्यातून त्यांची उणीव भरा, उद्या त्यांच्याकडे असेल तेव्हा ते तुमची भरतील. रानात देवानं सगळ्यांचं माप सारखं केलं. आता मंडळीत ते आपण करायचं आहे.

उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांना हे समजायला अवघड नाही. २६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी सुखरूप बाहेर काढावं लागलं. पाणी चढू लागलं की तळमजल्यावरची माणसं वरच्या मजल्यावर जातात. तेव्हा वरच्या मजल्यावरचं घर एकट्या घरमालकाचं राहत नाही. त्याचा मजला त्या रात्रीपुरता सगळ्यांचा होतो.

नोकरी जाणं हाही एक पूरच आहे, फक्त तो शेजाऱ्याला दिसत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलंय तो लाजेनं दार लावून घेतो. सकाळी रोजच्या वेळेला डबा घेऊन निघणारा आणि दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परतणारा माणूस तुमच्याच जिन्यात असू शकतो. तुमचा ओमर आज भरला असेल, तर देवानं कदाचित त्याचा वाटा तुमच्या भांड्यात ठेवला असेल. किराणा, मुलाची फी, आपल्या ऑफिसात त्याच्यासाठी टाकलेला एक शब्द, किंवा नुसतं चहाला बोलावून तासभर ऐकून घेणं, काहीही असेल. रमाबाईंनी प्रार्थना केली हे खरं, पण तीनशे मुलींना त्यांची प्रार्थना दिसली ती भाकरीच्या रूपानं.

आजच्या दिवसासाठी

निर्गमच्या या अध्यायाच्या शेवटी देव एक वेगळीच गोष्ट सांगतो. एक ओमरभर मान्ना भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवा. जो मान्ना भीतीनं ठेवला तो एका रात्रीत नासला. जो आठवण म्हणून ठेवला तो टिकला. उद्याच्या भीतीवर कालची आठवण हाच उपाय आहे.

म्हणून त्या बहिणीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. उद्या सकाळी फोन हातात घेण्याआधी पाच मिनिटं बसा आणि फक्त उद्याच्या दिवसापुरतं मागा. मग त्या दिवशी करण्यासारखं एक काम ठरवा, कितीही छोटं असो, आणि ऊन चढायच्या आत ते करा. आपल्यापेक्षा अडचणीत असलेल्या एका माणसाची विचारपूस करा. आणि रात्री झोपण्याआधी एका वहीत, तारीख घालून, त्या दिवशी काय मिळालं ते एका ओळीत लिहा. "गॅस सिलिंडरचे पैसे भावानं दिले," "मुलाखत झाली," "आईचा ताप उतरला," असं अगदी साधं. महिनाभरानं ती वही उघडा. ते तुमचं मान्नाचं भांडं असेल. तुमची मुलं मोठी होतील आणि त्यांच्या वाळवंटात शिरतील, तेव्हा ही वही त्यांच्या हातात द्या.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू रानात तुझ्या लोकांना रोज सकाळी भरवलंस, तसंच आम्हांलाही आजवर भरवलंस, याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ज्यांचं काम गेलं आहे, ज्यांच्या घरी हप्त्याची काळजी आहे, ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांना आजच्यापुरतं बळ दे. वाट बंद झाली तरी तू आहेस हे त्यांना कळू दे. आमच्या हातांना वाकायला शिकव, साठवायला कमी आणि वाटायला जास्त शिकव. जे दुःख आम्हांला समजत नाही त्यातही आम्ही सकाळी उठून तू दिलेलं काम करावं, अशी कृपा कर. येशूच्या नावानं मागतो. आमेन.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.